फुंकर शेवटी, फिरवणं आधी

काच फुंकायला शिकायचं म्हणून बेळगावात कुणी माझ्याकडे आलं, की मी त्यांना आधी खानापूरला पाठवते. तिथे ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. चाकावर मातीचा गोळा मधोमध बसवता आला की निम्मं काम कळलं. आमच्याकडे चाक नसतं, ते काम दोन्ही हातांच्या बोटांनी करायचं.

फुलं ठेवायचं छोटं भांडं करू. त्यासाठी काचेची नळी बोरोसिलिकेटचीच, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेची घ्या, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. बाटलीची सोडा-लाइम काच तापल्यावर हिच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, म्हणून उघड्या ज्योतीत चटकन तडकते. ज्योत गॅस आणि ऑक्सिजनची. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हातसुद्धा लावू नका, पेट घेतो. तापलेल्या काचेतून सोडियमचा पिवळा उजेड येतो. त्यात काहीच दिसत नाही, म्हणून तो उजेड गाळणारा डिडिमियमचा चष्मा हवाच. पावसाळ्यात वाऱ्याचा झोत थेट ज्योतीवर येऊ देऊ नका, पण खोली बंदही ठेवू नका.

आता नळी दोन्ही हातांत आडवी धरा आणि एकाच वेगाने फिरवा. एक हात पुढे गेला की नळीला पीळ पडतो. मधला भाग मऊ झाला की ज्योतीबाहेर काढून, फिरवतच हळूहळू ओढा. बारीक, सरळ शेपटी निघते, तिथून नळी तोडा. थोडं अंतर सोडून तशीच दुसरी काढा. मधल्या जाड भागाचा फुगा होणार आणि या शेपट्या तुमच्या मुठी. त्या वाकड्या असतील तर फुगाही वाकडाच येईल, तेव्हा इथे घाई करू नका. एका शेपटीचं टोक उघडा, दुसरीचं बंदच असू द्या.

मधला भाग सगळीकडून सारखा तापवा. भिंत थोडी जाड होऊ द्या. ज्योतीत असताना मात्र फुंकू नका. बाहेर काढा, क्षणभर थांबा, फिरवत राहा, मग हलकेच फुंका. पातळ जागा आधी गार होऊन घट्ट होतात, जाड जागा अजून मऊ असतात. त्यामुळे फुंकर जाड भागाला ताणते आणि भिंत आपोआप सारखी होते. ज्योतीतच फुंकलंत तर पातळ जागाच फुगून फुटते.

आकार कुठून आणायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा आकार ‘प्रभाकर’ कंदिलाच्या काचेवरून येतो. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा तो कंदील. खाली निमुळती, पोटात फुगलेली, वर पुन्हा आवळलेली ती काच. मी पोट थोडं खाली उतरवते, म्हणजे अबोलीची दोन फुलं ठेवली तरी भांडं डगमगत नाही. शेपट्या शेवटी ज्योतीत वितळवून तोडा, बूड गोल करा, तोंड कार्बनच्या सळईने उघडा.

मग काचेतला ताण जावा म्हणून भट्टीत ५६५ अंशांवर अर्धा तास ठेवून सावकाश गार करा. तपासायला कॉम्प्युटरचा पांढरा पडदा लावा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवा आणि मध्ये भांडं धरा. ताण उरला असेल तिथे काच उजळते, बहुतेक वेळा मानेपाशीच. तसं दिसलं तर ते भांडं पुन्हा भट्टीत घाला.