अग्रलेखावर प्रतिक्रिया लिहिताय? या चुका टाळा

आपल्या कोकणातली कॉलेजातली आणि एमपीएससीच्या तयारीला लागलेली मुलं पेपर वाचतात, त्यावर वहीत लिहितातही, आणि मला त्या वह्या वाचायला मनापासून आवडतात. पण बऱ्याच प्रतिक्रिया एकाच जागी अडतात, मुलं लेखाला उत्तर देतच नाहीत, लेखाच्या विषयावर निबंध लिहून मोकळी होतात. बाकीच्या निम्म्या चुका यातूनच येतात म्हणून आधी तेच घेतो.

समजा लेख आलाय कातळशिल्पांवर. लेखकाचं म्हणणं एवढंच, की शिल्पं टिकवायची तर गावातलीच माणसं राखणदार म्हणून नेमा आणि त्यांना पगार द्या. लेखात कुठेतरी बारसूचं (जिथल्या रिफायनरीवरून वाद पेटला ते गाव) नाव येतं आणि झालं, वहीत रिफायनरी हवी की नको यावर पानभर मजकूर. राखणदारांना पगार कोण देणार, ग्रामपंचायत की पुरातत्त्व खातं, शिल्प कुणाच्या खाजगी सड्यावर (म्हणजे कातळाच्या माळावर) असेल तर त्या जमीनमालकाचं काय, यावर एक अक्षर नाही. रिफायनरीवर तुमचं मत जरूर असू दे, पण या लेखाने ते विचारलेलंच नाहीये.

यावर उपाय सोपा आहे. पेन्सिल घ्या आणि लेखक जिथे काहीतरी करा किंवा करू नका म्हणतोय ते वाक्य शोधा, बऱ्याचदा ते शेवटच्या दोन-तीन परिच्छेदांत असतं, "म्हणून", "त्यामुळे", "पाहिजे" असले शब्द दिसले की तिथे थांबा. ते वाक्य स्वतःच्या शब्दांत एका ओळीत वहीच्या वर लिहा. मग स्वतःला विचारा, हे पटलं का? की कारण पटलं पण उपाय नाही पटला? की उपाय बरा आहे पण कारणच चुकीचं दिलंय? "सर, काही सुचतच नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांनी ही वरची ओळ लिहिलेली नसते.

अजून एक, मथळ्यावर चिडून लिहू नका. मथळा बऱ्याचदा लेखकाने दिलेला नसतो, तो ऑफिसात उपसंपादक करतो, त्यामुळे मथळ्यात जेवढा जोर दिसतो तेवढा आत असेलच असं नाही.

कोण बोलतंय हे आधी बघा

"पेपरने म्हटलंय की" हे वाक्य मला फार खटकतं. नाव नसलेला अग्रलेख म्हणजे त्या पेपरची स्वतःची भूमिका. शेजारचा नावासकट छापलेला लेख म्हणजे त्या माणसाचं मत, पेपरचं त्याच्याशी पटत असेलच असं नाही. खाली वाचकांची पत्रं, ती तर तुमच्या-माझ्यासारख्यांची. आणि पहिल्या पानावरची बातमी ही यातलं काहीच नाही, तिथे मत शोधू नका. लेखाखाली बारीक अक्षरात लेखकाची ओळख असते तीही वाचा. महामार्गावर लिहिणारा निवृत्त अभियंता आहे, वाहतूकदार आहे की एखाद्या पक्षाचा पदाधिकारी, यावरून त्याच्या मुद्द्याकडे कुठून बघायचं ते कळतं. पण म्हणून "हा तर अमक्या पक्षाचा" एवढं लिहून थांबू नका, मुद्दा तिथे तसाच उभा राहतो.

तारखा आणि शब्द सैल नको

इथे आपली मुलं हकनाक मार्क घालवतात. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० चं, श्रीवर्धनकडे धडकलं. तौक्ते आलं ते पुढच्या वर्षी मे महिन्यात. आणि चिपळूणचा महापूर २२ जुलै २०२१ चा, वाशिष्ठीचा, त्याचा कुठल्याही चक्रीवादळाशी संबंध नाही. या तिन्हीची वहीत खिचडी झालेली असते, वर २६ जुलै २००५ चा पूर पण त्यातच.

शब्दांचंही तेच. आपल्या कातळशिल्पांच्या नऊ जागा (रत्नागिरीत सात, सिंधुदुर्गात एक आणि गोव्यात एक) २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. तात्पुरती यादी म्हणजे जागतिक वारसा नव्हे, ती पहिली पायरी. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग या किल्ल्यांना मात्र जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून खरोखर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पश्चिम घाटाच्या बाबतीत तर "गाडगीळ अहवाल लागू झाला" असं बिनधास्त लिहिलेलं सापडतं. गाडगीळ समितीने अहवाल दिला २०११ ला, तो जसाच्या तसा स्वीकारलाच गेला नाही, मग कस्तुरीरंगन गटाचा अहवाल आला २०१३ ला, त्यावरून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यामागून मसुदे निघत राहिले आणि जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला. अहवाल, मसुदा, अंतिम अधिसूचना हे तीन वेगळे टप्पे आहेत. मसुद्यावर लोकांना हरकती-सूचना पाठवता येतात, हे माहीत असलेला विद्यार्थी एकदम वेगळी प्रतिक्रिया लिहितो कारण त्याला पुढे काय करता येईल ते दिसत असतं.

"सरकारने ठोस पावले उचलावीत"

हे वाक्य, आणि त्याची भावंडं "ही काळाची गरज आहे" आणि "विकास व पर्यावरणाचा समतोल साधला पाहिजे", लिहून झाल्यावर खोडून बघा. प्रतिक्रियेतून काही कमी झालं का? नाही ना, मग कोणत्या खात्याने काय करायचं ते लिहा. मुंबई-गोवा महामार्गाचंच घ्या, चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, सगळेच वैतागलेत, पण पनवेल ते इंदापूर (रायगडातलं) हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरपासून पुढे झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे. म्हणजे तुमच्या गावाजवळच्या रखडलेल्या पुलासाठी प्रश्न कुणाला विचारायचा हे लेखकाने सांगितलं नसेल तर तुम्ही सांगा. तेवढ्यानेच प्रतिक्रिया जिवंत होते.

घरचं माहीत असलेलं गाळू नका

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मालवणकडची एक मुलगी, घरी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची पारंपरिक मासेमारी. लेख होता मासेमारीच्या पावसाळी बंदीवर, १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पुरत नाहीत, बंदी वाढवा, असं लेखकाचं म्हणणं. हिने लिहिलं होतं "मासेमारी हा कोकणच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे" आणि तसलंच पुढे. घरी काय म्हणतात विचारलं तर भराभरा बोलायला लागली. बंदी वाढवून काय होणार, बाबा म्हणतात बंदी उठली की रात्री एलईडी लाईट लावून मासळी बाहेरच्या बाहेर ओढून नेतात, रापणीला किनाऱ्यावर येतंय काय, बांगडा कधी मिळतो कधी नुसती जेलीफिश. मग थांबून म्हणाली, "सर, ह्यां लिवलां तर चलात?"

अगं, हेच तर लिहायचं! एलईडी मासेमारीला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातलीय, म्हणजे तिचा मुद्दा असा होतो की आहे ती बंदी पाळली जात नसताना नुसते दिवस वाढवून रापणकराला काय मिळणार. हे लेखकाच्या दाव्याला थेट उत्तर आहे आणि पुस्तकात बघून ते लिहिता येत नाही, मोबाईलवर एआयला विचारून तर नाहीच. फक्त एक काळजी घ्या, घरचं एक उदाहरण म्हणजे सगळा किनारा नव्हे. "आमच्या वाडीत असं दिसतं" लिहा, "कोकणात सगळीकडे" लिहू नका, आणि कुठला महिना, कुठला किनारा ते सांगा.

पत्र म्हणून पाठवणार असाल तर लेखाचा मथळा आणि तारीख पहिल्याच वाक्यात द्या, दीडशे-दोनशे शब्दांत आटपा, मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून पाठवा, फोटो काढून नको, पूर्ण नाव, गाव, फोन नंबर खाली. आणि लगेच पाठवा, आठवड्याने विषय शिळा होतो. छापून आलं आणि कापलेलं दिसलं तर नाराज होऊ नका, तुमची मूळ प्रत आणि छापलेली शेजारी ठेवून कुठली वाक्यं गेली ती बघा, बहुतेक सुरुवातीची प्रस्तावना गेलेली असेल, पुढच्या वेळी ती लिहूच नका.