वेको वेढ्याचा अभ्यास करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, वेको शहराजवळच्या माउंट कार्मेल या ठिकाणी १९९३ साली ब्रँच डेव्हिडियन हा धार्मिक गट आणि केंद्र सरकारच्या यंत्रणा ५१ दिवस एकमेकांसमोर उभ्या ठाकल्या. २८ फेब्रुवारीच्या धाडीने सुरू झालेला हा वेढा १९ एप्रिलला आगीत संपला. सोलापुरात पत्रकारिता, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्राचा लघुप्रबंध करणाऱ्यांनी हा विषय जरूर घ्यावा, कागदपत्रं घरबसल्या भरपूर मिळतात. पण कोणता कागद कुणी, कधी आणि कोणत्या दिवसाबद्दल लिहिला हे न बघता उतारे काढले, तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडायला होतं.

शब्दापाशीच पाय घसरतो

इंग्रजी मजकुरात या गटाला सर्रास ‘कल्ट’ म्हटलेलं असतं आणि त्याचं मराठीत ‘पंथ’ होतं. आपल्याकडे महानुभाव पंथ आहे, नाथपंथ आहे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने वारकरी संप्रदाय तर घरचा. या शब्दांत निंदा नाही, ‘कल्ट’मध्ये ती ठासून भरलेली आहे. म्हणून स्वतःच्या वाक्यात ‘गट’ लिहा आणि दुसऱ्याने कल्ट म्हटलं असेल तर तो शब्द त्याच्या नावावर, अवतरणात ठेवा. शोध घेताना वेको, वॅको, वाको ही तिन्ही रूपं टाकून पाहा.

वेढ्याच्या वेळी गटाचा नेता डेव्हिड कोरेश होता, म्हणून ‘कोरेशने स्थापन केलेला गट’ हे वाक्यही वारंवार दिसतं. ते चूक आहे. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट चर्चमधून १९३०च्या दशकात व्हिक्टर हाउटेफ बाहेर पडले, तिथे या परंपरेचं मूळ आहे. बेंजामिन रोडन यांची ‘ब्रँच’ १९५०च्या दशकातली. व्हर्नन हॉवेलकडे नेतृत्व आलं १९८०च्या दशकात, आणि डेव्हिड कोरेश हे नाव त्याने १९९० मध्ये घेतलं.

धर्माचा भाग ‘बडबड’ म्हणून सोडून देऊ नका. मराठी बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाचे ५ ते ८ अध्याय आधी वाचा. कोरेश ज्यांबद्दल बोलत असे त्या सात शिक्क्यांचा संदर्भ तिथला आहे. १४ एप्रिलला कोरेशने पत्राने कळवलं की या शिक्क्यांवरचं विवेचन लिहून झालं की मी बाहेर येतो. सरकारी बाजूला ती आणखी एक चालढकल वाटली. फिलिप अर्नोल्ड आणि जेम्स टेबर या धर्माभ्यासकांना तो खरा मार्ग वाटत होता. सगळा वाद या एका पत्राच्या अर्थावर येऊन थांबतो, त्यामुळे इथे घाई केली तर पुढचं प्रकरण पोकळ होतं.

एका अहवालावर सगळी भिस्त

२८ फेब्रुवारीची धाड एटीएफने, म्हणजे दारू, तंबाखू आणि शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याने घातली. हे खातं तेव्हा ट्रेझरीकडे, म्हणजे अर्थखात्याकडे होतं. न्याय खात्याकडे ते २००३ मध्ये गेलं. पुढचा वेढा एफबीआयचा, म्हणजे न्याय खात्याचा. म्हणून १९९३ मध्ये दोन वेगळे अहवाल निघाले. धाडीचं नियोजन कुठे चुकलं हे न्याय खात्याच्या अहवालात शोधत बसाल तर हाती फारसं लागणार नाही. धाडीची खबर आत पोचली आहे, असा इशारा गुप्तपणे आत वावरणाऱ्या एजंटने देऊनही अधिकारी पुढे गेले, हे ट्रेझरीच्या अहवालानेच नोंदवलं.

१९३०चा मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरच्या वाचकाला सरकारी कागद आणि लोकांची आठवण यांतलं अंतर वेगळं सांगायला नको. म्हणून सरकारी अहवाल खोटाच असं धरून तो न वाचणं हीही तितकीच मोठी चूक.

१९९९च्या आधीचं लिखाण

१९ एप्रिलला आग लावू शकतील असे अश्रुधुराचे गोळे वापरलेच नाहीत, असं सरकार सहा वर्षं सांगत होतं. १९९९ मध्ये ते वापरल्याचं कबूल करावं लागलं. मग स्वतंत्र चौकशीसाठी जॉन डॅनफर्थ यांची नेमणूक झाली आणि २००० मध्ये त्यांचा अंतिम अहवाल आला: ते गोळे आगीच्या काही तास आधी झाडले होते आणि आग त्यांनी लागली नाही, पण माहिती मात्र दडवली गेली. यातलं एकच अर्ध उचललं की प्रबंध एकतर्फी होतो. प्रत्येक नोंदीसमोर घटनेची, कागदाची आणि प्रसिद्धीची अशा तीन तारखांचे रकाने ठेवा. १९९९ आधीचे दावे मग आपोआप वेगळे दिसतात.

वेळ आणि आकडे

वेकोची घड्याळं ४ एप्रिलला एक तास पुढे गेली. त्यामुळे २८ फेब्रुवारीच्या वेळेत साडेअकरा तास मिळवा, १९ एप्रिलच्या वेळेत साडेदहा. धाड सकाळी पावणेदहाच्या सुमाराची, म्हणजे आपल्याकडे रात्री सव्वानऊ. वाचनालयात जुन्या फायली चाळताना १ मार्चचा अंक पाहून थांबू नका, २ मार्चचाही काढा. १२ मार्चच्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर पहिल्या पानाच्या भरवशावर राहू नका, आतली पानं पाहा.

मृतांचा आकडा देताना तारीख आणि बाजू लिहा. २८ फेब्रुवारीला एटीएफचे ४ आणि गटाचे ६ जण गेले. त्या सहांतला एक त्याच दिवशी नंतरच्या वेगळ्या चकमकीत, म्हणून काही ठिकाणी ५ दिसतात. १९ एप्रिलचा आकडा ७५ किंवा ७६ असा आढळतो. ज्या स्रोताचा घ्याल तोच शेवटपर्यंत वापरा. वेढ्याच्या काळात ३५ जण बाहेर आले, त्यांत २१ मुलं. हे आकडे आगीतून वाचलेल्या ९ जणांत मिसळू नका.

निकालाचं भाषांतर

सॅन अँटोनिओतल्या १९९४च्या खटल्यात ११ जण आरोपी होते. खुनाच्या कटातून सगळे सुटले. काहींना ज्या गुन्ह्यात शिक्षा झाली तो आपल्याकडच्या ‘सदोष मनुष्यवधा’च्या जवळचा, त्याला ‘खून’ लिहिलं की निकालच उलटा होतो. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मशीनगनसाठी वाढवलेल्या शिक्षा टिकवल्या नाहीत, त्यामुळे १९९४चे शिक्षेचे आकडे अंतिम म्हणून देऊ नका.

कागद मिळवताना

एफबीआयची कागदपत्रं त्यांच्या ‘व्हॉल्ट’ संकेतस्थळावर आहेत. वेकोतल्या बेलर विद्यापीठाच्या टेक्सास कलेक्शनमध्ये गटाशी संबंधित संग्रह आहेत. अमेरिकेच्या माहिती कायद्याखाली परदेशी माणूसही अर्ज करू शकतो. ठरलेली मुदत कामाच्या २० दिवसांची, पण प्रत्यक्षात बराच उशीर होतो, म्हणून प्रबंधाच्या वेळापत्रकात त्यावर अवलंबून राहू नका. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीचे तुकडे इंटरनेटवर फिरतात. पडद्यावरची वेळ कापलेली असेल तर तो तुकडा वापरू नका. आणि बाहेर आलेली ती मुलं आज मोठी झाली आहेत. त्यांना समाजमाध्यमांवर शोधून प्रश्न पाठवू नका. त्यांनी स्वतःहून जाहीरपणे जे सांगितलं आहे तेवढंच घ्या.