आजारी आणि निवृत्त धर्मगुरूंची संस्था सांभाळताना या चुका टाळा

आजारी आणि निवृत्त कॅथलिक धर्मगुरूंना (फादरांना) मदत करणाऱ्या जुन्या संस्थेचं अध्यक्षपद हाती आलं की पहिली नजर जाते ती हिशेबाच्या वहीवर. शिल्लक बरी, मदतीचे अर्ज मोजकेच. सगळं सुरळीत आहे असं वाटतं, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अर्ज आले नाहीत म्हणजे गरज नाही, असं नसतं. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या आजारपणात आणि मरणात धाव घेतली, त्याची जीभ स्वतःसाठी काही मागायला रेटत नाही.

त्यातही धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या प्रदेशात काम करणाऱ्या, फादरांकडे अधिक लक्ष हवं. व्रतस्थ संघाचे, म्हणजे व्रतं घेऊन एखाद्या धार्मिक संघात राहणारे, फादर थकले की त्यांचा संघ त्यांना सांभाळतो. धर्मप्रांताचा फादर धर्मग्रामातलं, म्हणजे तो सांभाळत असलेल्या चर्चचं, घर सोडतो तेव्हा छप्पर, जेवणाची सोय, सोबत आणि रोजचं काम एकाच दिवशी सुटतं.

म्हणून अर्जाची वाट पाहू नका. १९८३ च्या कॅनन लॉचं (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं) कलम ५३८ सांगतं, की वयाची ७५ वर्षं पूर्ण झाल्यावर धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने बिशपांकडे राजीनामा द्यावा. म्हणजे कोणाची पाळी कधी येणार, हे आधीच ठाऊक असतं. दोन-तीन वर्षं अगोदर जाऊन भेटा. ‘काही हवंय का?’ असं विचाराल तर ‘देवाच्या दयेने ठीक आहे’ हेच ऐकाल. औषधं कोण आणून देतं, रात्री उठलात तर दिव्याचं बटण हाताशी आहे का, मागच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत कोण होतं, हे विचारा.

‘ते बिशप बघतील’ हीसुद्धा नेहमीची चूक. निवृत्त प्रमुख धर्मगुरूच्या उदरनिर्वाहाची आणि निवाऱ्याची तजवीज बिशपांनी करायची, असं तेच कलम म्हणतं, हे खरं. पण धर्मप्रांत काय देतो आणि आपण काय देतो हे कागदावर नसेल, तर दोघंही एकमेकांवर विसंबतात आणि म्हातारा फादर मध्येच राहतो.

खोली, नर्स, औषधं दिली की काम झालं, असंही समजू नका. निवृत्त झालेला फादर धर्मगुरूच असतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, अर्पण करता न येणं हे त्याला गुडघेदुखीपेक्षा जास्त सलतं. कलम ९३० नुसार उभं राहता येत नसेल तर धर्मगुरू बसून मिस्सा करू शकतो; लोकांसमोर तसं करायचं तर बिशपांची परवानगी घ्यावी लागते. ती त्यांच्यासाठी तुम्ही मागा. बेताच्या उंचीचं टेबल, हात टेकायला दांड्या असलेली खुर्ची, मोठ्या अक्षरांचं मिस्सा पुस्तक. खर्च किरकोळ आहे, पण कित्येक ठिकाणी हे कुणाला सुचलेलंच नसतं.

जुन्या देणग्यांच्या बाबतीत घाई नको. दात्याने ज्या हेतूने पैसे दिले त्याच हेतूसाठी ते वापरायचे, असं कलम १२६७ बजावतं. काही निधींसोबत दात्यासाठी मिस्सा करण्याची जबाबदारीही येते आणि ती कमी करण्याचा अधिकार विश्वस्तांना नाही. दरवर्षी दात्यांना हिशेब द्या. मदतीच्या आवाहनात कुणा आजारी फादरचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय छापू नका.

आणि एक अवघड बोलणं टाळू नका. फादरांना बायको-मुलं नाहीत. शुद्ध हरपली तर उपचारांचा निर्णय कोण घेणार, मृत्युपत्र कुठे आहे, दफन कुठे व्हावं, हे ते हिंडते-फिरते असतानाच विचारून लिहून ठेवा. अतिदक्षता विभागाच्या दारात उभं राहून हे प्रश्न सुटत नाहीत.