कळसूबाई चढताना डोंगर कसा पाहावा

अकोले तालुक्यातील बारी गावातून पहाटेच निघावे, कारण १६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातील या सर्वोच्च शिखराच्या वरच्या टप्प्यात सावली जवळजवळ नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा डोंगर घडल्यामुळे चढ सलग नसून कातळकडे आणि सपाटी आलटूनपालटून येतात. लोखंडी शिड्या या कड्यांवरच बसवलेल्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्या ओल्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत. छत्री, अर्थातच, निरुपयोगी. उतारावरील कारवी हे झुडूप साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, म्हणून ते तोडू नये. हा परिसर अभयारण्यात मोडतो. माथ्यावरील देवीच्या मंदिराजवळून दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय आणि पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळखावेत; भर पावसाळ्यात मात्र धुक्यामुळे ही अपेक्षा ठेवू नये.