जुनी स्पोर्ट बाइक घेताना आधी हँडलचा स्टॉपर बघा

पडलेल्या स्पोर्ट बाइकला नवं फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) चढवलं की ती शोरूममधून आणल्यासारखी दिसते. मित्रासाठी केटीएम आरसी ३९० बघायला गेलो तेव्हा रंग चकचकीत, ओरखडा एक नाही. स्टॉपरने मात्र सगळं सांगितलं.

१. मोबाइलचा टॉर्च लावून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. हँडल जिथे अडतं तिथे चेसीवर धातूचा छोटा उंचवटा असतो, तोच स्टॉपर. गाडी जोरात पडली की हँडल त्यावर आदळतं. तो चेपलेला, तुटलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा. आम्ही बघितलेल्या गाडीचा एका बाजूचा अर्धा उडाला होता, वर काळा रंग मारलेला.

२. टायरच्या बाजूवर छापलेल्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. २०२२ ची गाडी, मीटरवर ४,००० किमी आणि टायर २०२४ चे? इतक्या कमी किमीत टायर सहसा झिजत नाहीत; मग मीटरवर विश्वास ठेवू नका, सर्व्हिसची बिलं मागा.

३. ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर इंजिनला हात जपून लावा. गरम लागलं तर कोल्ड स्टार्टची (थंड इंजिन चालू होण्याची) अडचण लपवली असू शकते.

एक सांभाळा: गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर (आरसी बुक) बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.