‘टेक द स्टँड’ : भूमिका नव्हे, साक्ष

अमेरिकेतील खटल्यांच्या बातम्यांत ‘टेक द स्टँड’ हा वाक्प्रचार वारंवार येतो आणि मराठीत भाषांतर करणारा बहुधा तिथेच ठेचकाळतो. आपल्या बोलण्यात ‘स्टँड घेणे’ म्हणजे भूमिका घेणे हे इतके रुळले आहे की, ‘आरोपीने स्टँड घेतला नाही’ असे लिहून गेल्यावरही काही चुकल्याची शंका येत नाही. प्रत्यक्षात हा स्टँड म्हणजे न्यायाधीशांच्या आसनाशेजारची साक्षीदाराची जागा असून, तिथे जाऊन शपथेवर साक्ष देणे एवढाच त्या शब्दांचा अर्थ आहे.

फरक ओळखायचा तो उपपदावरून : ‘द’ असेल तर साक्ष, ‘अ’ असेल तर भूमिका. मात्र ‘द स्टँड’ला जोडून ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य आले, तर तिथेही भूमिकाच अभिप्रेत असते, आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकांत ही रचना सर्रास आढळते.

अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्यावर लॉस एंजेलिसमध्ये चाललेला खुनाचा खटला या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९९५ साली भर न्यायालयात त्यांना पुराव्यातले हातमोजे घालून पाहायला लावले गेले, ज्यूरीने ते पाहिले, आणि तरीही ‘ही डिड नॉट टेक द स्टँड’ हे विधान खरेच राहते, कारण त्यांनी शपथेवर साक्ष दिली नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीमुळे आरोपीवर तशी सक्ती करता येत नाही. पुढे दिवाणी दाव्यात मात्र त्यांनी साक्ष दिली; तिथे ‘ही टुक द स्टँड’ असेच म्हणावे लागते.

हा प्रयोग मुळात अमेरिकन वळणाचा आहे. लंडन किंवा मुंबईतील न्यायालयाविषयी इंग्रजीत लिहिताना ‘गिव्ह एव्हिडन्स’ अधिक शोभते, आणि साक्षीदाराच्या जागेला ‘विटनेस बॉक्स’ म्हणतात. ‘साक्ष दिली’ या अर्थाचे, भारतीय वार्ताहरांचे लाडके ‘डिपोज्ड’ अमेरिकन मजकुरात जपून वापरावे. तिथे ‘डेपोझिशन’ म्हणजे सहसा सुनावणीपूर्वी न्यायालयाबाहेर शपथेवर नोंदवलेली जबानी.

मराठीत आणताना ‘साक्ष दिली’ किंवा ‘साक्षीला उभा राहिला’ हे पुरेसे आहे. ‘पिंजऱ्यात उभा राहिला’ हे साक्षीदाराबाबत एक वेळ चालेल. परंतु साक्ष देणारा स्वतः आरोपीच असेल, तर वाचकाला तो आरोपीचा पिंजरा वाटेल आणि त्याने साक्ष दिली ही खरी बातमीच हरवेल.