एकांतातली प्रार्थना: या चुका टाळा

शरणपूर रोडवरच्या आमच्या घरात वडील ‘अहो बाबा’ आणि आई ‘ए आई’. त्यामुळे लहानपणी येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणताना मी अडखळायचो. स्वर्गातला पिता, आणि थेट ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’? बापाला अरेतुरे? एकट्याने प्रार्थना करताना आपण चुकतो ते बहुतेक या ‘अहो’ आणि ‘ए’च्या मध्येच कुठेतरी.

बंद खोलीत व्यासपीठाची भाषा. रविवारी पाळकसाहेबांना शोभते तीच भाषा आपण घरीही चालवतो. ‘हे परमदयाळू, सर्वसमर्थ’ करत विशेषणं संपेपर्यंत मूळ दुखणं राहूनच जातं. पिंपळगावकडे आमचे एक काका द्राक्षबाग करतात. छाटणी झालेली, बाग पोंग्यात, म्हणजे कोवळे कोंब फुटलेले, आणि पाऊस. डावणी रोगाच्या धास्तीने माणूस रात्रभर जागा; प्रार्थनेत मात्र ‘सर्व शेतकरी बांधवांना आशीर्वाद दे’. म्हटलं, काका, स्वतःच्या बागेचं नाव घ्या की! ते ओशाळले. “देवापुढे सोसायटीच्या कर्जाचा विषय काय काढायचा?” काढायचा. हन्ना शिलोच्या मंदिरात नुसते ओठ हलवत इतकी मनापासून बोलत होती, की एली याजकाला ती प्यायलेली वाटली (१ शमुवेल १).

उलट टोक: किराण्याची यादी. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि देवाला हे दे, ते दे. वर ‘हे काम झालं तर अर्पण दुप्पट देईन’. हा सौदा झाला. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, दोन मिनिटं काहीच बोलू नका. ‘देव स्वर्गात आहे, तू पृथ्वीवर आहेस, म्हणून तुझे शब्द थोडके असावेत’ असं उपदेशक ५:२ सांगतं, ते याचसाठी.

‘कुठल्या तोंडाने जाऊ?’ महिनाभर चर्च चुकलं, घरात भांडण झालं, म्हणून प्रार्थनाच टाळायची. ही चूक नम्रतेसारखी दिसते, म्हणून मला ती सगळ्यांत फसवी वाटते. इब्री ४:१६ ‘धैर्याने’ जायला सांगतं, आणि जायचं कुठे, तर कृपेच्या राजासनाजवळ. ते धैर्य आपल्या आठवड्याच्या हिशेबातून येत नाही. आधीच्याच ओळींत कारण दिलंय: आपला प्रमुख याजक येशू आपल्यासारखाच पारखला गेला, त्याला आपली दुर्बलता कळते. लूक १८ मधला जकातदार स्वतःला पापी समजून दूर उभा राहिला, वर बघेना. पण मंदिरात आला होता ना!

जागाच नाही. मत्तय ६:६ म्हणतं, खोलीत जा, ‘दार लावून घे’; वन रूम किचनमध्ये ते कसं जमणार? पण तिथल्या खोलीसाठीचा मूळ ग्रीक शब्द कोठीच्या खोलीलाही वापरतात; म्हणजे आडोसा पुरतो. आमची आई पहाटे पाचला गच्चीवर पाण्याच्या टाकीआड उभी राहायची. नाशिकच्या डिसेंबरात, शाल गुंडाळून.

मन भरकटलं तर एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा, बस.

काका हल्ली ‘मागच्या प्लॉटचं तू बघ’ असं सरळ म्हणतात. टोपी मात्र आधी काढतात.